हायड्रोजनची रेषा १.८ अँगस्ट्रॉम सरकली होती

स्लोन सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणातल्या एका आकाशगंगेचा वर्णपट मला आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघायचा होता. फिट्स फाइल (खगोलशास्त्रातला विदेचा नेहमीचा प्रकार) उघडली, तर आडव्या अक्षावर ३.५८ ते ३.९६ एवढेच आकडे! फाइलमधला स्तंभ तरंगलांबीचा नसतो, तिच्या लॉगचा असतो. पायथनमध्ये ॲस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या लायब्ररीने फाइल वाचून १० चा तेवढा घात काढला, की ३८०० ते ९२०० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) मिळतात. हे पटकन झालं.

दुसरी अडचण त्रुटीच्या स्तंभाची. तिथे त्रुटी नव्हे, तर तिच्या वर्गाचा व्यस्त दिलेला असतो, आणि खराब बिंदूंवर तो शून्य असतो. मी सरळ वर्गमूळ काढून त्याने १ ला भागलं, तिथे अनंत आलं आणि आलेख कोरा दिसला. ते बिंदू आधी 'नॅन' (NaN, म्हणजे 'आकडा नाही') करून टाकले.

खरा वेळ खाल्ला तो तिसऱ्या गोष्टीने. तरंगलांबीला १+z ने (z म्हणजे आकाशगंगेची ताम्रसृती, रेडशिफ्ट) भागूनही हायड्रोजन-अल्फाची रेषा, जिथे ती असायला हवी त्या माझ्या खुणेच्या उजवीकडेच राहिली. दोन संध्याकाळी मी z वरच संशय घेत बसले. शेवटी कळलं, की स्लोनच्या तरंगलांबी निर्वातातल्या आहेत आणि माझी रेषांची यादी हवेतली: ६५६२.८ विरुद्ध ६५६४.६. फरक लहान वाटतो, पण वेगात तो सेकंदाला ८० किलोमीटरच्या वर जातो! आकाशगंगेचं फिरणं मोजणाऱ्याला हे मुळीच परवडणार नाही.

यादी बदलली, रेषा खुणेवर बसली. आता निर्यात करताना प्रत्येक स्तंभाच्या नावातच एकक आणि 'निर्वात' लिहिते. प्रवाहाला (फ्लक्सला, म्हणजे प्रकाशाच्या मोजलेल्या तीव्रतेला) फाइलच्या एककातला १०⁻¹⁷ चा गुणकही जोडते.