डक्ट टेपचा प्रॉम ड्रेस करताय? या चुका टाळा

अमेरिकेत आणि कॅनडात हायस्कूल संपता संपता प्रॉम, म्हणजे नटूनथटून जायचा नाचाचा समारंभ, असतो. मुलींचे पायघोळ गाऊन, मुलांचे टक्सिडो, फोटो, नाच. त्यात दरवर्षी काही मुलं नखशिखांत डक्ट टेपच्या पोशाखात जातात. यात हौस आहेच, पण पैसाही आहे. डक ब्रँडच्या टेपवाल्यांनी 2001 मध्ये ‘स्टक ॲट प्रॉम’ ही स्पर्धा सुरू केली. आता तिच्यात ड्रेस आणि टक्सिडो असे दोन वेगळे गट आहेत आणि पहिल्या क्रमांकाची शिष्यवृत्ती दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असते. तिथल्या कॉलेजची फी ज्यांनी ऐकली आहे, ते आईबाप एवढ्यासाठी दोन महिने हॉल अडवून द्यायला आनंदाने तयार होतात.

मराठी घरात मदतीला बहुधा शिवणकाम येणारी आई असते, नाहीतर उन्हाळ्यापुरती पुण्या-नागपूरहून आलेली आजी. आणि माझं मत विचाराल, तर ज्यांना शिवण येतं त्यांच्याच हातून हा पोशाख जास्त बिघडतो. त्यांच्या हाताला कापडाची सवय असते. कापड थोडं ताणतं, हवा खेळू देतं, चुकलं तर उसवता येतं. टेपचं यातलं काहीच नाही. पुढच्या बहुतेक चुका या एका सवयीतूनच होतात.

टेप म्हणजे काय, हे न बघताच कात्री लावणं

डक्ट टेपला तीन थर असतात. वर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा, मध्ये विरळ विणीचं जाळीदार कापड आणि खाली रबराधारित चिकट थर. 1943 मध्ये इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट या बाईंनी पेट्या बंद करायला कापडी, पाणी न शिरणारी टेप वापरावी, असं थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्राने कळवलं. सूचना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने तशी टेप बनवली. पाणी आत जाऊ नये आणि घाईत हाताने फाडता यावी, हे या टेपचे दोन मोठे गुण.

पेटीला जे सोयीचं, तेच अंगाला नडतं. पाणी आत जात नाही, तसा घामही बाहेर येत नाही. हाताने सरळ फाटते, म्हणून कडेला बारीकशी चीर पडली की बसताना ती वीतभर वर सरकते. त्यामुळे पोशाखाची एकही कड उघडी सोडू नका. प्रत्येक कडेवर अर्ध्या रुंदीची पट्टी दुमडून बसवा. गळा, मुंढा, घेर, स्लिट, सगळीकडे.

अंगाभोवती थेट टेप गुंडाळणं

ही चूक नुसती वेंधळेपणाची नाही, धोक्याची आहे. अंगाभोवती घट्ट बसलेली टेप सैल होत नाही, श्वास कोंडतो, आणि काढायची वेळ आली की कातडी ओढली जाते. चिकट थर रबराचा असल्यामुळे रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर तो त्वचेला लागूच देऊ नये.

मापाचा साचा करायला अंगावर टेप लावतात ते वेगळं, आणि ते बरोबरही आहे. त्याची रीत अशी. जुना, नंतर कापून टाकायचा टी-शर्ट घाला. मानेला आणि बगलेला जेवण झाकायची प्लास्टिक फिल्म लावा. मग छातीपासून कमरेपर्यंत छोट्या तुकड्यांनी दोन थर द्या, एका लांब पट्टीने वेढे घालू नका. मार्करने मधली रेघ, कमरेची रेघ आणि शिवणीच्या जागा आखून घ्या. मग पाठीमागून बोथट टोकाच्या कात्रीने, नर्स बँडेज कापायला वापरतात तसल्या, साचा कापून काढा. हे सगळं उरकायला अर्ध्या-पाऊण तासाच्या वर वेळ लावू नका. मुलीने गुडघे ताठ करून उभं राहू नये, त्याने चक्कर येते. जवळ खुर्ची आणि पाणी असू द्या. गरगरतंय असं म्हणाली की साच्याचा विचार न करता तिथल्या तिथे कापा.

निघालेला साचा आखलेल्या शिवणींवर कापला की सपाट तुकडे मिळतात. तोच तुमचा बेत, म्हणजे कापायचा नमुना. वेगळा कागदी बेत काढायची गरज नाही.

माया सोडणं

शिवणाऱ्या बाईला हे पटवणं सगळ्यात अवघड. कापड बेतताना आपण अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, ठेवतोच. टेपच्या शीटमध्ये, म्हणजे पट्ट्या जोडून केलेल्या टेपच्या कापडात, माया ठेवली, तर जोडावर चार थर जमतात, तो भाग कडक होतो आणि बगलेखाली टोचतो. इथे कड कडेला भिडवायची, एकावर एक चढवायची नाही. आतून एक पट्टी आणि बाहेरून एक पट्टी. झालं.

टकाचंही तसंच. कापडात टक, म्हणजे गोलाई आणणारी निमुळती चुणी, दुमडून शिवतात. इथे टकाचा त्रिकोण कापूनच टाकायचा, दोन्ही कडा भिडवायच्या आणि वरून जोडायच्या. टोकाशी टेपची पट्टी आडवी लावा, नाहीतर चीर तिथूनच पुढे पळते.

माया नको, पण सैलपणा हवा, आणि नेमका तोच विसरला जातो. टेप ताणत नाही, म्हणून उभ्याने घेतलेल्या मापाचा गाऊन बसल्यावर कमरेत आणि मांडीवर फुटतो. छातीचं माप पूर्ण श्वास घेऊन घ्या, कमरेचं आणि सीटचं खुर्चीत बसून घ्या. आलेल्या आकड्यात दोन इंच वाढवा. पाठीला चेन लावण्यापेक्षा आयलेट (भोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) ठोकून नाडी ओवा. जेवणानंतर सैल करता येते, आणि गाऊन अंगावर बसतोही छान.

शीटला सुरकुत्या आणि बुडबुडे

पोशाख टेपच्या ‘कापडा’तून होतो आणि ते कापड आधी घरी तयार करावं लागतं. काचेच्या टेबलावर किंवा कटिंग मॅटवर चिकट बाजू वर ठेवून पट्ट्या शेजारी शेजारी लावायच्या, प्रत्येकीने आधीच्या पट्टीवर पाचेक मिलिमीटर चढायचं. मग तेवढ्याच दुसऱ्या पट्ट्या चिकट बाजू खाली करून वर लावायच्या. वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीच्या मधोमध यावी. कडांवर कडा आल्या तर शीट बरोबर तिथेच दुमडते.

सुरकुत्या येतात त्या रोलवरून थेट ताणून टेप लावल्याने. ताणलेली टेप नंतर हळूहळू आखडते आणि दुसऱ्या दिवशी शीटची कड वळलेली दिसते. आधी पाहिजे तेवढी पट्टी फाडा, दोन्ही हातांनी सैल धरा, मधून टेकवा आणि बाहेरच्या दिशेने अंगठा फिरवत न्या. बुडबुडा आलाच तर सुईने टोचून हवा काढा. सुरकुती मात्र पट्टी उचलून काढायच्या भानगडीत पडू नका. टेप वेगळी होताना खालचा पापुद्रा घेऊन येते.

एक बारकावा. चोळीच्या भागाला दोन थर एकमेकांना आडवे दिले तर शीट ताठ होते, तिथे ते हवंच असतं. घागऱ्याला तसं केलंत तर तो पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. तिथे दोन्ही थर कमरेकडून घेराकडे उभेच जाऊ द्या, म्हणजे घड्या उभ्या पडतात. छातीच्या गोलाईवर पूर्ण 48 मिलिमीटरची पट्टी कधीच नीट बसत नाही. ती उभी चिरून दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या तिरप्या लावा.

मशीनवर टीप मारणं

शक्यतो मारूच नका. चिकट सुईला लागतो, दोरा अडकतो, टाके सुटतात. त्याहून वाईट म्हणजे बारीक टीप टेपला पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकं पाडते आणि शीट त्याच रेषेवर सुटून येते. चेन शिवावीच लागली तर चामड्याची किंवा जीन्सची 100 नंबरची सुई लावा, टाका चार मिलिमीटरचा ठेवा, मशीनला टेफ्लॉनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) लावा आणि दर वीतभर शिवणीनंतर सुई रबिंग अल्कोहोलने पुसा. टीप झाल्यावर तिच्यावर टेपची पट्टी हवीच.

कात्रीला चिकट लागू नये म्हणून घरोघरी खोबरेल तेलाचं बोट फिरवतात. चालतं, पण पात्यावरचं जादा तेल पुसून टाका. तेल लागलेल्या जागी पुढची पट्टी धरत नाही आणि ते कळतं ऐन प्रॉमच्या रात्री. सरळ रेषांना कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि मोडत जाणाऱ्या पात्यांची सुरी बरी. पातं मोडण्यात कंजूषी करू नका.

वजनाचा हिशेब न करणं

साधारण रंगीत रोल 20 यार्डांचा, म्हणजे 18 मीटरचा असतो. 48 मिलिमीटर रुंदीने तो पाऊण चौरस मीटरच्या थोडा वर पुरतो, कारण पट्ट्या एकमेकींवर चढतात. घागऱ्याला तीन चौरस मीटर शीट लागली, तर दोन थरांचे सहा, म्हणजे आठ रोल. चोळी, कडा, जोड धरून अकरा-बारा. फुलं आणि झालरी वेगळ्या. रोलची टेप पाव किलोच्या आसपास धरा, म्हणजे पोशाख तीन किलोंच्या घरात जातो.

एवढं वजन बिनपट्ट्याच्या चोळीवर टांगलं की पाचव्या गाण्याला ती खाली घसरणार. आतून कमरेला रुंद निवारीचा पट्टा लावा, घागऱ्याचं वजन त्याच्यावर द्या आणि चोळी वेगळी ठेवा. दोन भाग असले की बाथरूमला जाणंही जमतं. हा मुद्दा आधी कुणालाच सुचत नाही.

पैठणीचे काठ-पदर करायचा मोह आपल्याकडच्या मुलींना हमखास होतो. मोर, कमळ सुरीने कापून फार देखणे निघतात, त्यामुळे जरूर करा. फक्त चकचकीत सोनेरी टेप दुमडली की घडीवर पांढरट रेघ उमटते, म्हणून जर दिसायला हवी ते भाग सपाट ठेवा. आणि टेपची नऊवारी नेसायला जाऊ नका. निऱ्या हातात बसतच नाहीत. त्या आधीच करून ठेवाव्या लागतात, तेही प्रत्येक घडीच्या रेषेवर दोन तुकड्यांमध्ये दोन मिलिमीटर फट ठेवून आणि वरून एकच पट्टी लावून, म्हणजे ती फट बिजागरीचं काम करते. टक्सिडोच्या गुडघ्याला आणि कोपराला हीच युक्ती चालते. पॅन्टच्या आसनाला मात्र सैलपणाशिवाय इलाज नाही.

उन्हात ठेवणं

ऊन लागलं की चिकट मऊ होतो, पट्ट्या सरकतात आणि कडेने चिकटाची रेघ बाहेर येते. बंद गाडीच्या मागच्या सीटवर दुपारभर पडलेला गाऊन घड्यांच्या जागी स्वतःलाच चिकटतो. थंडीत उलट होतं, गॅरेजमध्ये गारठ्यात लावलेली टेप नीट धरतच नाही. काम घरातल्या तापमानात करा, तयार पोशाख रुंद हँगरवर टांगा आणि घड्यांमध्ये बेकिंगचा कागद घाला. आत सुती बनियन किंवा स्लिप घालायचीच, ती घाम पिते. बाहेरचे फोटो सावलीत काढा. मुलं ऐकत नाहीत, पण सांगून ठेवा.

बिघडलंच तर

कडेने चिकट बाहेर आला असेल तर रबिंग अल्कोहोलचा ओला बोळा हलक्या हाताने फिरवा. रंगीत पापुद्र्यावर घासू नका, आधी कोपऱ्यात करून बघा. बगलेत चीर गेली असेल तर नुसती वरून पट्टी लावून भागत नाही. चिरेच्या टोकाला पंचने गोल भोक पाडा, मग दोन्ही बाजूंनी आडव्या पट्ट्या द्या. पुन्हा तिथेच फाटलं तर जागा घट्ट आहे असं समजा आणि बगलेत पतंगाच्या आकाराचा तुकडा घालून सैल करा. पांढऱ्या किंवा पिवळ्या टेपखालून गडद टेप दिसत असेल तर वर आणखी एक थर द्या, पण पूर्ण तुकड्यावर, नाहीतर ठिगळ दिसतं. पोशाख चालताना कचकच वाजतो, त्यावर माझ्या माहितीत उपाय नाही. गाणी मोठ्याने लागलेली असतात.

पर्समध्ये त्याच रंगाची टेप हवीच. अख्खा रोल नको, जुन्या क्रेडिट कार्डावर दोन मीटर गुंडाळून घ्या. सोबत छोटी बोथट कात्री.

स्पर्धेचे नियम शेवटी वाचणं

स्पर्धेला टेप डक ब्रँडचीच लागते. दुकानात स्वस्त दिसली म्हणून दुसरी आणलीत तर सगळी मेहनत वाया. आत अस्तर, चेन, मणी काय आणि किती चालतं, प्रवेशाची शेवटची तारीख कोणती, वयाची अट काय, हे त्या त्या वर्षीच्या नियमावलीत बघा, गेल्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. कारागिरी, कल्पकता, रंगांचा वापर, सोबतचे दागिने-पर्स या सगळ्यांकडे परीक्षक बघतात, म्हणून गाऊनवर सगळी ताकद खर्चून चपला विकतच्या घालणं परवडत नाही. विजेत्यांच्या माहितीत किती रोल आणि किती तास लागले ते बहुतेक वेळा दिलेलं असतं. तेव्हा रिकाम्या रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या फेकू नका, एका खोक्यात टाकत जा आणि तास रोजच्या रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.