जुन्या गाडीचा चेसिस आणि इंजिन नंबर कसा शोधावा

गाडी 50 वर्षांहून जुनी आहे आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे, तर 2021च्या केंद्रीय नियमांनुसार तिचं इंजिन, चेसिस आणि बॉडी मूळ स्वरूपात असायला हवी. ते मूळचंच आहे का हे नंबरवरून पडताळतात, म्हणून नंबर आधी शोधा, रंगकामाचं नंतर बघा.

पहिल्यांदा आरसी बुकातले दोन्ही नंबर कागदावर उतरवा. हल्लीच्या गाड्यांसारखा 17 अक्षर-अंकांचा चेसिस नंबर शोधत बसू नका. ती पद्धत 1981 पासूनची. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. फोर्ड मॉडेल ए घ्या: सीटवर बसून पुढे पाहताना जी डावी बाजू, तिकडे ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर), पाणी आत येतं त्या तोंडाच्या वर सपाट जागेवर नंबर असतो. तोच नंबर चेसिसच्या डाव्या दांडीवरही मारलेला, पण तो बॉडीखाली झाकलेला. बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. विलीज जीपचा इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, पुढे वरच्या भागात पाहा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती उठावदार आकड्यांनी. ते साच्यातून आलेले कास्टिंग नंबर. हजारो ब्लॉकवर तेच असतात. इंजिन नंबर पंचाने (पोलादी ठशाने) ठोकलेला, म्हणजे खोलगट असतो.

कोल्हापूरच्या पावसात चेसिसवर गंज आणि चिखलाचा थर बसतो. डिझेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा. ग्राइंडर, खरखरीत पॉलिश पेपर अजिबात नको: अंक उथळ असतात, एकदा घासले की गेलेच. मग खडू चोळून वरचा खडू पुसून घ्या, खाचेत राहिलेला पांढरा अंक उठून दिसतो. टॉर्च समोरून नको, आडवी धरा. 3 आणि 8, 1 आणि 7 दोनदा तपासा. अंकांची ओळ वाकडी असेल किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील, तर नंबर नंतर मारलेला असू शकतो; व्यवहार थांबवा.

ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंगला (वरची सपाटी मशीनवर तासून समतल करायला) देणार असाल तर आधी नंबरची जागा कारागिराला बोटाने दाखवा. जुन्या शेव्हरोले व्ही-8 ला तो उजव्या हेडच्या (ब्लॉकवरच्या झाकणाच्या) पुढे, फेसिंग होणाऱ्या त्याच सपाटीवर असतो आणि एका पासात साफ होतो. म्हणून फोटो आणि पेन्सिलीने घेतलेला चेसिस प्रिंट आधीच फायलीत लावा. पुसट झालेला नंबर स्वतः पुन्हा पंच करू नका, आधी आरटीओत अर्ज करा.