भिंतीला ड्रिल न लावता हॉलमध्ये खोली केली

जळगावात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. मुलगी दहावीला, तिला अभ्यासाला स्वतंत्र जागा हवीच होती. घरमालक काकांची अट एकच, भिंतीला भोक पाडायचं नाही. म्हणून सुतारदादांकडून काढता येणारं पार्टिशन करून घेतलं.

जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खांब उभे केले. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला फिरवून घट्ट करायचा बोल्ट आणि त्यावर रबराचा तुकडा. या दाबावरच सगळं उभं आहे. वर पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर हे करू नका, ते दाब सोसत नाही. आधारासाठी पार्टिशनला लागून पुस्तकांचं जड कपाट ठेवलं, त्याने आवाजही थोडा अडतो.

खांबांना प्लायवूड लावलं. शीट 8 बाय 4 फुटांची येते, त्यामुळे वर फूट-दीड फूट जागा उरली. सुतारदादा तीही बंद करणार होते, मी नको म्हटलं. खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि आमची सगळी भिस्त कूलरवर. कूलरची ओली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर नुसती चिकचिक होते. आता हॉलच्या खिडकीत कूलर, मुलीच्या बाजूची खिडकी थोडी उघडी, आणि वरच्या फटीतून हवा खेळती राहते. टीव्हीचा आवाज मात्र तिथूनच जातो, म्हणून परीक्षा होईपर्यंत टीव्ही बंद ठेवलाय.

काम सुरू करण्याआधी काकांची परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घेतली होती. तुम्हीही घ्या, डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही.