मज्जारज्जूचा एमआरआय: या चुका टाळा

पायांतली ताकद कमी झाली की थेट कंबरेचा एमआरआय काढायचा, ही मज्जारज्जूच्या निदानातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि त्याखाली उरतो तो केवळ नसांचा जुडगा. त्यामुळे मानेत दबलेला रज्जू कंबरेच्या चित्रात दिसूच शकत नाही. दिसते ती मणक्यांमधली वयोमानाने फुगलेली एखादी चकती, जी कसलाही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही सापडते, आणि सगळा दोष तिच्या माथी मारला जातो. चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात, पाय लुळे पडण्याऐवजी ताठ होतात, अशी लक्षणे असतील तर शोध मान आणि कंबरेच्या वरच्या पाठीच्या भागात घ्यायला हवा. बधिरता बेंबीपर्यंत असली तरी दाब तिथेच असेल असे नाही. तो बराच वरही असू शकतो. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘पाठदुखी’ लिहून भागत नाही. त्रास कधी सुरू झाला, किती वेगाने वाढला आणि लघवीवर ताबा आहे का, हे चित्रे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला कळलेच पाहिजे.

टी-२ चित्रात (एमआरआयचा एक प्रकार, ज्यात पाणी पांढरे दिसते) रज्जूवर पांढरा डाग दिसला की लगेच ‘सूज’ म्हणून मोकळे होणे, ही दुसरी चूक. दाब, दाह, रक्तपुरवठा खंडित होणे, या सगळ्यांत डाग पांढराच दिसतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या दाहाच्या आजाराचा डाग बहुधा दोन मणक्यांच्या उंचीपेक्षा आखूड आणि रज्जूच्या कडेला असतो. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या डोळ्यांच्या नसा आणि रज्जूला दाह करणाऱ्या आजारामध्ये तो अनेकदा तीन किंवा अधिक मणक्यांपर्यंत पसरतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत रज्जूचा मागचा भाग उजळतो. हा फरक उभ्या छेदावरून पुरता कळत नाही, त्यासाठी आडवे छेद पाहावेच लागतात. रज्जूच्या मधोमध दिसणारी बारीक उभी रेघ काही वेळा यंत्राच्या मर्यादेतून उमटलेला आभास असते, तिला पोकळी समजू नये. पाठीच्या भागात रज्जूमागे दिसणारे काळे ठिपके बहुतेकदा मेंदूजलाच्या, म्हणजे मेंदू आणि रज्जूभोवतीच्या द्रवाच्या, हालचालीचे असतात; परंतु त्यांच्या जोडीला रज्जू सुजलेला असेल, तर रज्जूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांच्या फिस्टुलाची (धमनी आणि शीर यांच्यातल्या चुकीच्या थेट जोडणीची) शंका घ्यायलाच हवी, कारण दाह समजून दिलेल्या स्टेरॉइडने अशा रुग्णाची ताकद आणखी खालावू शकते.

पेसमेकर आणि मूत्रपिंडाचा आजार यांची माहिती तपासणीआधीच द्यावी, कारण पहिल्याचा संबंध एमआरआय यंत्राच्या चुंबकाशी आणि दुसऱ्याचा गॅडोलिनियमशी, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देण्यात येणाऱ्या औषधाशी, आहे.

नॉर्मल रिपोर्टवरही डोळे मिटून विसंबू नये. रज्जूचा रक्तपुरवठा अचानक तुटला, तर सुरुवातीच्या तासांत एमआरआय स्वच्छ येऊ शकतो. अशा वेळी डिफ्यूजन चित्रे (पेशींतल्या पाण्याची हालचाल दाखवणारा एमआरआयचा प्रकार) घ्यावीत आणि लक्षणे कायम असतील तर एक-दोन दिवसांत तपासणी पुन्हा करावी. पाय झपाट्याने कमजोर होत असतील किंवा लघवी अचानक अडली असेल, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठून त्याच दिवशी एमआरआय करून घ्यावा.