सुपरचार्ज्ड व्ही-८ ची क्रँक पुली बदलताय? या चुका टाळा

जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातल्या बहुतेक व्ही-८ इंजिनांत क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली धरून ठेवायला चावी नसते. शेव्हरोलेच्या जुन्या 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ मध्ये शाफ्टला खाच असायची, तिच्यात चावी बसायची, त्यामुळे पुली शाफ्टवर गरकन फिरायची भीती नसायची. एलएसमध्ये पुली शाफ्टच्या टोकावर नुसती दाबून चढवलेली असते आणि समोरून एकच जाड बोल्ट तिला आत रेटून धरतो. सगळी मदार घर्षणावर.

साध्या, बिनसुपरचार्जरच्या एलएस३ इंजिनात ते भागून जातं, कारण पुलीला वॉटर पंप, आल्टरनेटर, एसी एवढंच फिरवायचं असतं. पण एलएसए म्हणजे तेच ६.२ लिटरचं कूळ, वर ईटनचा १.९ लिटरचा टीव्हीएस सुपरचार्जर, म्हणजे क्रँक पुलीवरून बेल्टने फिरणारा आणि इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. २००९ ते २०१५ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीमध्ये त्याची ताकद ५५६ अश्वशक्ती, २०१२ ते २०१५ च्या कॅमेरो झेडएल१ मध्ये ५८०. अमेरिकेत या गाड्या आता सेकंड-हँड बाजारात आवाक्यात आल्या आहेत आणि आपली बरीच मराठी मंडळी हौसेने त्या घेऊन घरच्या गॅरेजात स्वतः पाने चालवतात. पहिला बदल ठरलेला असतो: मोठी क्रँक पुली, म्हणजे जास्त बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब). काम चांगलं आहे, घरी होण्यासारखं आहे, पण यातल्या चुका महाग पडतात. शाफ्टचे आटे गेले तर इंजिन खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

पुलीला नुसती पुली समजणं

समोर दिसते ती पुली मुळात डॅम्पर, म्हणजे कंपनं शोषणारा भाग आहे. मध्ये हब, बाहेर जड कडं आणि दोघांच्या मध्ये रबर. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे घेतो आणि चार-स्ट्रोक व्ही-८ मध्ये प्रत्येक फेऱ्यात चार सिलिंडर पेटतात. म्हणजे सेकंदाला ४०० वेळा शाफ्टला पीळ बसतो आणि सुटतो. तो पीळ खाऊन टाकायचं काम त्या जड कड्याचं. म्हणूनच इंटरनेटवर स्वस्तात मिळणारी, अख्ख्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली, हलकी, बिनरबराची पुली बघून हुरळून जाऊ नका. गाडी चालू होईल, पहिल्या दिवशी जोमात पळेलही. ज्या कंपनांना आता कोणी रोखत नाही ती बेअरिंग, टायमिंग चेन आणि ऑइल पंप यांच्यावर जातात. एलएसचा ऑइल पंप थेट क्रँकच्या टोकावरच बसलेला असतो, हे ध्यानात ठेवा.

घ्यायचाच तर चांगल्या कंपनीचा, एसएफआय १८.१ (रेसिंगच्या भागांचं सुरक्षा-मानक) प्रमाणपत्राचा डॅम्पर घ्या. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) जाणार असाल तर तो तसाही लागतो, कारण पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला एनएचआरए ही अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संस्था तो सक्तीचा करते. मोठी पुली घातलेली झेडएल१ त्या आकड्याजवळ सहज पोचते.

जुनं रबर हाही याच विषयाचा भाग. रबर वाळून सुटलं की बाहेरचं कडं हबवरून सरकतं. आर५३ पिढीच्या सुपरचार्ज्ड मिनी कूपर एसचं हे प्रसिद्ध दुखणं आहे, पण जुन्या झालेल्या कुठल्याही रबरी डॅम्परला ते होऊ शकतं. तेव्हा मूळ क्रँक पुली तशीच ठेवून वरची, सुपरचार्जरची पुली लहान करून बूस्ट वाढवायचा बेत असला तरी खालचं रबर आधी टॉर्च मारून बघा.

काढताना

क्रँक जागेवर रोखणं ही पहिली पायरी. फ्लायव्हीलच्या दात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून काम भागवू नका, दाता तुटतो किंवा स्क्रूड्रायव्हर उडतो. स्टार्टर खोलून त्याच्या जागी बोल्टने बसणारा फ्लायव्हील लॉक मिळतो. त्याला लागणारा जादा अर्धा तास खुशाल द्या.

पुलरचे तीन आकडे हबच्या मागे अडकवायचे, बाहेरच्या कड्याला कदापि नाही. कड्याला ओढलं की रबर फाटतं. दुसरं म्हणजे पुलरचा मधला स्क्रू थेट बोल्टच्या भोकावर टेकवू नका. भोकात नीट मापाची दांडी घालून तिच्यावर दाब घ्या, नाहीतर पहिल्या काही आट्यांचा चुरा होतो. आणि हातोडा लांब ठेवा. एलएसमध्ये क्रँकचा पुढे-मागे होणारा भार तिसऱ्या मेन बेअरिंगवर येतो. पुढून घातलेला प्रत्येक ठोसा तिथेच जाऊन बसतो.

बसवताना: खरी गोम इथे आहे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक दिसायला अगदी निरुपद्रवी आहे. नवी पुली शाफ्टच्या टोकावर टेकवायची, मूळ बोल्ट लावायचा आणि पाना फिरवत तिला आत ओढायची. सुरुवातीला पुली बाहेर असते, त्यामुळे बोल्टचे जेमतेम तीन-चार आटे शाफ्टमध्ये पकडलेले असतात. त्या तीन-चार आट्यांवर तुम्ही दाबून चढवायच्या फिटिंगचा सगळा जोर टाकता. आटे मरतात. त्याऐवजी एम१६ गुणिले २.० आट्यांची (१६ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत २ मिलिमीटर अंतर) लांब दांडी, वर नट आणि बेअरिंग असं बसवायचं टूल वापरा. दांडी आत पूर्ण घालायची आणि नट फिरवायचा, म्हणजे शाफ्टचे आटे जागचे हलत नाहीत.

पुली ओव्हनमध्ये तापवून चढवायचा सल्लाही फिरत असतो. रबराच्या किंवा ओ-रिंगच्या डॅम्परला उष्णता म्हणजे विष. थंडच चढवा.

चढवण्याआधी शाफ्टचं टोक आणि हबचं भोक बोटाने चाचपा. गंजाचा ठिपका, जुन्या ग्रीसचा थर, उठलेली धातूची कड काहीही चालणार नाही. या दोघांतला फरक एक हजारांश इंचाच्या आसपास असतो, त्यात एक कचरा पुरे. भोक सैल वाटलं, हाताने पुली अर्धी आत जाते असं दिसलं, तर ती पुली परत पाठवा. सैल हब लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्रव) लावून भागवायचा नाही.

आता बोल्ट. मूळ बोल्ट एकदाच वापरायचा असतो, कारण घट्ट करताना तो ताणला जातो आणि तो ताणच पुलीला धरून ठेवतो. पण जुना बोल्ट लगेच कचऱ्यात टाकू नका, त्याला शेवटचं एक काम आहे. जनरल मोटर्सची पद्धत अशी: टूलने पुली आत आणल्यावर जुना बोल्ट लावून ३३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे पुली तळाशी पूर्ण बसते. मग तो काढा आणि मोजा. शाफ्टचं टोक हबच्या तोंडापासून २.४ ते ४.४८ मिलिमीटर आत असायला हवं. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने हे दोन मिनिटांत कळतं, तरी बहुतेक जण हेच टाळतात. माप बरोबर असेल तरच नवा बोल्ट लावा: आधी ५० न्यूटन-मीटर, त्यानंतर आणखी १४० अंश.

आकड्यांची गल्लत इथेच होते. पुण्यात न्यूटन-मीटर शिकलेला माणूस मिशिगनच्या दुकानातून फूट-पाउंडाचा टॉर्क रेंच आणतो. त्या रेंचवर ३३० म्हणजे २४० आणि ५० म्हणजे ३७. कागदावर दोन्ही एककं लिहून समोर चिकटवा. शिवाय एकाच रेंचने दोन्ही कामं होत नाहीत. मोठा रेंच ५० ला भरवशाचा नसतो आणि छोटा ३३० ला पोचत नाही. १४० अंशांसाठी अँगल गेज लावा, किंवा बोल्टच्या डोक्यावर आणि हबवर रंगाच्या खुणा करून मोजा. 'हाताला घट्ट लागलं' हे माप नाही. इम्पॅक्ट गन तर बसवताना पेटीतून बाहेरसुद्धा काढू नका, तिला अंश कळत नाहीत.

एआरपी या कंपनीचा जादा मजबूत बोल्ट घेतलात तर वरचा अंशांचा हिशोब त्याला लावायचा नाही. त्याचा टॉर्क वेगळा आणि त्यासोबत येणारं वंगणच वापरायचं. वंगण बदललं की तोच टॉर्क वेगळा ताण देतो.

पिन मारावी का?

माझं स्पष्ट मत: सुपरचार्जरवर मोठी पुली घालणार असाल तर मारा. कारण साधं आहे. समोरून पाहिलं तर क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि सुपरचार्जरचा भार हबला उलट्या दिशेने मागे ओढतो. हब किंचित जरी घसरला तरी तो बोल्टला सुटण्याच्या दिशेने घेऊन जातो. बोल्टचा ताण उतरला की घसरण वाढते, घसरण वाढली की ताण आणखी उतरतो.

पिनसाठी जिग मिळतो. तो शाफ्टला बोल्टने बसतो आणि शाफ्ट-हबच्या सांध्यावर सरळ भोक पाडता येतं, त्यात कठीण पोलादाची पिन जाते. मोकळ्या हाताने ड्रिल धरून हे करू नका. बिटवर ग्रीस लावा म्हणजे चुरा चिकटून बाहेर येतो, शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या सीलच्या भोवती कापड कोंबा आणि दर काही सेकंदांनी बिट बाहेर काढून पुसा. पिन ही बोल्टच्या जागी नव्हे. टॉर्क आणि अंश तरीही पूर्ण घालायचे.

बसवल्यावर गडबड असेल तर

पुढून तेल ठिबकतंय: सीलचा ओठ पुली चढवताना दुमडला असेल, किंवा जुनाच हब परत लावला असेल तर त्यावर सीलने खोदलेली बारीक रेघ असेल. नख फिरवा, अडलं तर हब बदला. सील स्वस्त आहे, पुली निघालीच आहे तर नवीन घालाच.

गार इंजिनला बेल्ट चिवचिवतोय किंवा कडेला उसवतोय: पुली पूर्ण आत गेली नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सरळ पट्टी लावून आयडलरशी (बेल्टला वाट देणाऱ्या मोकळ्या पुलीशी) रांग बघा. एखादा मिलिमीटर बाहेर असेल तर बेल्ट बदलून उपयोग नाही, पुन्हा ते २.४ ते ४.४८ चं माप घ्या.

वरच्या आरपीएमला बूस्ट पडतो: बेल्ट घसरतोय. पुलीभोवती काळी भुकटी दिसेल. क्रँक पुली १० टक्के मोठी केली की त्याच आरपीएमला सुपरचार्जर १० टक्के जास्त वेगाने फिरतो आणि बेल्टही तेवढाच जोरात धावतो. बेल्टची लांबी बदललीत का आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) त्याच्या पल्ल्याच्या मध्यावर आहे का, हे बघा. वरची पुली लहान करण्यापेक्षा खालची मोठी करण्याचा फायदा असा की वरच्या पुलीवर बेल्टची पकड कमी होत नाही. मात्र त्याच बेल्टवर जे जे फिरतं त्या सगळ्याचा वेग वाढतो, हे धरून चाला. मोठं कडं स्टीअरिंग रॅकला किंवा पंख्याच्या आवरणाला किती जवळ आलंय तेही बघा, कारण जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटवर हलतं.

गाडी ओढत नाही, नॉकमुळे (इंधन अवेळी पेटल्यामुळे) टायमिंग मागे जातंय: ही पुलीची चूक नाही, ट्यूनची, म्हणजे संगणकातल्या इंधन आणि टायमिंगच्या मांडणीची आहे. जास्त बूस्टला जास्त इंधन लागतं आणि आत जाणारी हवा जास्त तापते. ट्यून होईपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका.

आयडलला पुढून खडखड येते: पुलीला दोष देण्याआधी सुपरचार्जरच्या पुढच्या भागातला कपलर तपासा. एलएसएमध्ये त्याची खडखड नेहमीची आहे.

आणि हब घसरला असेल तर? चेक इंजिनचा दिवा लागेलच असं नाही. या इंजिनात क्रँकची जागा शाफ्टच्या मागच्या टोकाकडच्या ५८ दात्यांच्या चक्रावरून वाचली जाते, त्यामुळे पुढे हब गरगरला तरी संगणकाला पत्ता नसतो. म्हणून बोल्टचं डोकं, हब आणि बाहेरचं कडं यांवरून पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. पहिल्या दोन-चार जोरदार फेऱ्यांनंतर आणि पुढे प्रत्येक ऑइल बदलाला ती बघा. कडं आणि हब यांच्यात रेघ तुटली तर रबर सुटलंय. हब आणि बोल्ट यांच्यात तुटली तर हब घसरलाय. तशी गाडी चालवत घरी नेऊ नका, ट्रकवर घालून न्या.

पुली काढल्यावर घसरलेल्या शाफ्टचं टोक तपकिरी-निळसर आणि ओरबाडलेलं दिसेल. एमरी पेपरने चकचकीत करून नवी पुली चढवायचा मोह होतो. त्याआधी मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी व्यास घ्या. माप शाबूत असेल तर नवा हब, नवा बोल्ट आणि पिन. माप उतरलं असेल तर उरलेल्या व्यासाच्या हिशोबाने भोक केलेला हब बनवून घ्यावा लागतो, नाहीतर क्रँक बदलावा लागतो. हब शाफ्टला वेल्डिंगने टाचून देणारे महाभाग असतात, त्यांच्याकडे गाडी देऊ नका. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी सील बदलायलासुद्धा क्रँक कापावा लागतो.