पाढा पाठ आहे, पण 'सात अठ्ठे' येत नाही

तिसरी-चौथीतल्या मुलाला सातचा पाढा म्हणायला सांगा. 'सात एके सात'पासून 'सात दाहे सत्तर'पर्यंत गाडी सुसाट जाते. मग मध्येच विचारा, 'सात अठ्ठे?' मूल थबकतं, ओठ हलू लागतात, पुन्हा 'सात एके'पासून पुटपुटत ते छप्पन्नला पोचतं. पाढा डोक्यात आहे, पण साखळी म्हणून. आठवी कडी हवी तर आधीच्या सात ओढाव्या लागतात.

हे का सुधारायचं, ते भागाकारात दिसतं. ३४७२ भागिले ८ करताना मुलाला एकाच वेळी कुठला आकडा खाली घेतला, किती उरले आणि पुढे काय करायचं, एवढं धरून ठेवावं लागतं. हे धरून ठेवणाऱ्या जागेला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात आणि ती फार लहान असते. मोठ्या माणसालाही तिच्यात एका वेळी चारेक गोष्टीच नीट हाताळता येतात, मुलांना त्याहून कमी. त्यात 'आठ चोक किती' हे पहिल्यापासून मोजत बसलं, की उरलेले दोन विसरतात. मग वहीत चुकलेला भागाकार पाहून आपण म्हणतो, 'लक्ष देत नाही.' लक्ष असतं, जागा नसते. पाढ्याचं उत्तर दोन-तीन सेकंदांत आपोआप आलं, तर ती जागा मोकळी राहते.

आधी संख्यानावं तपासा

ही पायरी बहुतेक घरांत वगळली जाते. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र उलट. 'एकोणसाठ' ऐकून मूल साठ पकडतं आणि ६९ लिहितं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी जोड दिली आणि त्यावर मोठा वाद झाला. वाद काहीही असो, अडचण खरी आहे. सात सत्ते एकोणपन्नास हे तोंडाने बरोबर आणि वहीत ५९ असेल, तर गडबड पाढ्यात नाही.

तपासणी सोपी आहे. पाढ्यांत येणाऱ्या १२ संख्या क्रम मोडून सांगा आणि लिहायला लावा: २७, ७२, ३६, ६३, ४९, ५४, ४५, ५६, २८, ४२, ६४, ८१. दोनपेक्षा जास्त चुकल्या तर आठवडाभर फक्त संख्या ऐकून लिहिणं, पाढे नंतर. चिंचोके घेऊन चाराच्या सहा ढिगांत २४ असतात, हेही हाताने एकदा करून झालेलं असावं. अर्थ नसलेली गोष्ट स्मृतीत लवकर सुटते.

१०० नव्हे, २१

दहापर्यंतच्या पाढ्यांत १०० ओळी आहेत, म्हणून मूल घाबरतं. पण सात अठ्ठे आणि आठ सत्ते एकच. जोड्या एकदाच मोजल्या तर ५५ उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेकांना येतात, तेही वगळले तर ३, ४, ६, ७, ८, ९ यांच्या आपसांतल्या फक्त २१ जोड्या राहतात. सगळं काम या २१चं आहे.

पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची २१ कार्डं कापा. पुढे ठळक '७ × ८', मागे '५६'. चित्रं, रंग, चिकटवलेले तारे नकोत. मूल तारा लक्षात ठेवतं आणि आकडा विसरतं.

कार्डं आणण्याचा क्रम असा ठेवा. आधी सहा वर्गसंख्या: ३×३, ४×४ पासून ९×९ पर्यंत. त्या कानाला वेगळ्या लागतात. मग तीन आणि चारच्या उरलेल्या नऊ जोड्या. चारसाठी 'दुप्पटीची दुप्पट' हा आधार द्या: चार सत्ते म्हणजे चौदाची दुप्पट. मग ६×९, ७×९, ८×९. नऊच्या उत्तरातले दोन अंक मिळून नऊ होतात, हे दाखवा. शेवटी हट्टी तिघं: ६×७, ६×८, ७×८.

६×९ आणि ७×८ एकाच आठवड्यात कधीच आणू नका. चोपन्न आणि छप्पन्न कानाला जुळे भाऊ. एकत्र शिकवले की एकमेकांच्या जागी जाऊन बसतात आणि मग महिनोन्महिने हलत नाहीत.

रोजची दहा मिनिटं

श्रीखंडाचे तीन रिकामे डबे घ्या. पहिल्यातली कार्डं रोज विचारायची, दुसऱ्यातली दिवसाआड, तिसऱ्यातली आठवड्याने. कार्ड बरोबर आलं की एक डबा पुढे, चुकलं की थेट पहिल्यात. ही डब्यांची रीत जर्मनीतले पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. ती चालण्याचं कारण मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच मांडलं होतं: नवं शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग वेग मंदावतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमातल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते.

एका दिवशी नवी कार्डं तीनच. नवं कार्ड पहिल्यांदा दाखवताना दोन्ही बाजू दाखवून मुलाने ओळ मोठ्याने म्हणायची. त्यानंतर मात्र आधी प्रश्न, मग मनात तीनपर्यंत मोजा. उत्तर आलं तर पुढचं कार्ड. नाही आलं तर रागावू नका, खुणाही करू नका. मुलाने स्वतः कार्ड उलटून 'सात अठ्ठे छप्पन्न' ही पूर्ण ओळ म्हणायची आणि तेच कार्ड तीन-चार कार्डांनंतर पुन्हा घालायचं. लगेच विचारलं तर उत्तर कानात घुमतच असतं, ते आठवणं नव्हे. पहिल्या डब्यात सहापेक्षा जास्त कार्डं साचली, तर त्या दिवशी नवं काही नाही. पाढा सुरुवातीपासून म्हणणं या दहा मिनिटांत बंद. एक दिवस 'सात अठ्ठे' विचारा, दुसऱ्या दिवशी 'आठ सत्ते'.

आठवायला लावण्यावर एवढा जोर का? रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बोलका आहे. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळं येतंय' वाटतं आणि पुढच्या चाचणीत पाटी कोरी असते, त्याचं कारण इथे आहे.

सत्र संध्याकाळी घेतलं तर सकाळी शाळेचा डबा भरताना चुकलेली दोन-तीन कार्डं तोंडी विचारा. झोपेत शिकलेलं पक्कं होतं. प्राथमिक वयाला ९ ते १२ तास झोप लागते, तेव्हा रात्री अकराला पाढे घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

कुठे बिघडतं

घड्याळ लावून पळवणं ही सर्वांत नेहमीची चूक. भीतीही कार्यकारी स्मृतीच्या त्याच लहानशा जागेत बसते आणि येत असलेलं उत्तरही अडतं. तीन सेकंद तुम्ही मनात मोजा, मुलाला सांगू नका.

दुसरी चूक शनिवारी दीड तास बसवण्याची. रोजची दहा मिनिटं पाच दिवस घेतली, तर ती दीड तासाला भारी पडतात. 'स्मरणशक्ती वाढवणाऱ्या' खेळांवर पैसे घालायचे असतील तर एवढं माहीत असू द्या: अशा सरावाने मुख्यतः तोच खेळ सुधारतो, गणित नाही.

तीसपर्यंतच्या पाढ्यांचा हट्टही थोडा सैल करा. पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) यांना रुपयाचे सोळा आणे होते तोवर रोजचं काम होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि ते गेलं. सतराचा पाढा पाठ नसला तरी २१ कार्डं पक्की असतील तर सतरा सक फोडता येतं: दहा सक साठ, सात सक बेचाळीस, एकशे दोन.

रोज करूनही तीन-चार महिन्यांनी वीसच्या आतली बेरीज बोटांवरच होत असेल, संख्या उलट लिहिल्या जात असतील, तर कार्डं बाजूला ठेवा आणि अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते.

सगळं सुरळीत झालं तर बहुतेक कार्डं महिना-दीड महिन्यात तिसऱ्या डब्यात जातात. मग मागच्या बाजूने विचारा: '५६ मध्ये ७ किती वेळा?' भागाकाराला हीच दिशा लागते आणि तिचा सराव वेगळा करावा लागतो. मे महिन्यात डबे माळ्यावर टाकू नका. पंधरा दिवसांतून एकदा २१ कार्डं पिसून विचारा आणि अडखळलेली पहिल्या डब्यात टाका.