फाइल डिलीट झाली? सॉफ्टवेअर शोधायच्या आधी ड्राइव्ह बाजूला ठेवा

फाइल उडाली हे कळलं की पहिलं काम म्हणजे त्या ड्राइव्हवर नवीन काहीही लिहिलं जाणं थांबवायचं. कार्ड असेल तर कॅमेऱ्यातनं काढा, पेनड्राइव्ह असेल तर उपसून ठेवा, आणि लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवरची फाइल असेल तर ब्राउजर, व्हॉट्सॲप, अपडेट काही चालू न ठेवता मशीनच बंद करा. चवथीच्या माटोळीचे (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या सजावटीचे) फोटो, गावच्या जत्रेतल्या नाटकाचं शूटिंग, असल्या गोष्टी पुन्हा काढता येत नाहीत म्हणून एवढं निक्षून सांगतोय.

डिलीट केल्यावर विंडोज फाइलमधला डेटा लगेच पुसत नाही, फक्त ही जागा आता मोकळी अशी नोंद करतं. वन फोर्टीनवरचं, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरचं, नाव उडालं म्हणून जमीन कुठे जात नाही, तसंच हे. पण त्या मोकळ्या जागेवर दुसरी फाइल बसली की संपलं, मग कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा. आणि लोक नेमकं काय करतात, घाबरून रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर डाउनलोड करतात, त्यातच इन्स्टॉल करतात आणि सापडलेल्या फायलीसुद्धा तिथेच सेव्ह करतात! यातच सगळ्यात जास्त डेटा जातो असं माझं मत आहे. सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, शक्यतो पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, आवृत्ती वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि परत मिळालेल्या फायलींसाठी तिसरी जागा ठेवा, एक्स्टर्नल हार्ड डिस्क वगैरे.

स्कॅनच्या आधी साधं बघून घ्या. रिसायकल बिन तपासा (शिफ्ट डिलीट केलेलं तिथे नसतं आणि पेनड्राइव्हवरचंही सहसा नसतं). गूगल ड्राइव्हवर असेल तर तिथल्या ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतं. आणि पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावून आणल्यावर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले तर बऱ्याचदा काहीच डिलीट झालेलं नसतं, व्हायरसने फायली लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. फोल्डर ऑप्शनमध्ये जाऊन हिडन फायली दाखवा हे निवडा, त्याच्याच खाली प्रोटेक्टेड सिस्टम फायली लपवा अशी टिक असते तीही काढा, कारण हे व्हायरस फायलींना सिस्टम फाइल बनवून ठेवतात आणि नुसतं हिडन दाखवून त्या दिसत नाहीत.

नुकतंच डिलीट झालेलं असेल तर रिक्युव्हा नावाच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरपासून सुरू करा, फुकट आवृत्ती पुरते. फाइलचा प्रकार निवडा, ड्राइव्ह निवडा, आधी साधं स्कॅन करा, नाही मिळालं तर डीप स्कॅनवर टिक. यादीत हिरवा ठिपका म्हणजे फाइल चांगल्या स्थितीत, नारिंगी म्हणजे डळमळीत, लाल म्हणजे वर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय. फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर डिलीट करताना फाइलच्या नावाचं पहिलं अक्षरच बदललं जातं, म्हणून यादीतल्या नावांचं पहिलं अक्षर गेलेलं दिसलं तर घाबरू नका.

कार्ड फॉरमॅट झालं असेल किंवा रिक्युव्हाला काही दिसतच नसेल तर फोटोरेक हे दुसरं सॉफ्टवेअर घ्या. हे पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स आहे, टेस्टडिस्क नावाच्या सॉफ्टवेअरसोबतच येतं, आणि त्यातलं क्यू फोटोरेक उघडलं तर खिडक्या आणि बटणं मिळतात, काळ्या स्क्रीनवर टाइप करावं लागत नाही. हे फाइलची यादी बघतच नाही, डिस्क वाचत जातं आणि जेपीईजी किंवा पीडीएफची सुरुवात जशी असते तसं काही दिसलं की उचलतं. त्यामुळे नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, हजारो फायली आकड्यांच्या नावाने येतात आणि त्यातनं निवडत बसावं लागतं. फाइल फॉरमॅट्समध्ये जाऊन हवे तेवढेच प्रकार ठेवा, नाहीतर ब्राउजरमधल्या बारीकसारीक चित्रांचा ढीग येईल.

व्हिडिओचं जरा वेगळं आहे. मोठी फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पसरलेली असली तर फोटोरेकने आणलेला एमपी-फोर उघडतच नाही. अशी फाइल फेकू नका, त्याच कॅमेऱ्याने काढलेला एक धड व्हिडिओ नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाचं सॉफ्टवेअर कधीकधी ती दुरुस्त करतं.

एसएसडीबाबत (फिरती तबकडी नसलेला, चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) खोटी आशा लावणार नाही. तिथे ट्रिम चालू असतं, म्हणजे डिलीट होताच विंडोज एसएसडीला ते ब्लॉक आता नकोत असं कळवतं आणि नंतर वाचायला गेलं की बहुतेक वेळा शून्यच मिळतात. तिथे बॅकअपच शोधा. जुनी हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांच्यात आशा जास्त. पण फुल फॉरमॅट केलं असेल तर तिथेही आशा नाही, विंडोज व्हिस्टापासून ते पूर्ण ड्राइव्हवर शून्यं लिहितं. क्विक फॉरमॅट असेल तर मात्र नक्की प्रयत्न करा.

हार्ड डिस्कमधनं टक टक आवाज येत असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर लावू नका, लगेच बंद करा. ते बिघाड सॉफ्टवेअरचे नसतात, चालू ठेवलं तर आतलं हेड प्लेटवर घासून उरलंसुरलंही जातं, तिथे क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या लॅबशिवाय इलाज नाही.

मोठ्या डिस्कचं डीप स्कॅन तासन्‌तास चालतं आणि आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरच लावा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून स्लीप बंद करा. पैसे मागणारं सॉफ्टवेअर असेल तर आधी फुकट स्कॅन करून प्रिव्ह्यूमध्ये फोटो खरंच उघडतोय का बघा, नुसतं फाइलचं नाव दिसलं म्हणून पैसे भरू नका, आणि क्रॅक केलेलं तर अजिबात घेऊ नका.

मिळालेल्या फायली एकेक उघडून बघा, व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा, दोन ठिकाणी कॉपी करा, आणि तोपर्यंत ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका.